धुळवडीची राखण

दिल्लीला जाऊन चंद्रावतीच्या पदरात काय काय पडणार, ते मी माझ्या पिठाच्या गिरणीत बसल्या बसल्या मांडून ठेवलं होतं. विमानातली खिडकी, एक. चूल न पेटवता उजाडणारे दिवस, तीन. पोटच्या पोरीच्या हातचा चहा, हवा तितका. राष्ट्रपतींची बाग, जी ऐन वसंतात लोकांना बघायला उघडतात. आणि शेवटची बाब ती स्वतः कुणाला बोलली नव्हती, पण गावाला ठाऊक होती: बत्तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच नवऱ्याबरोबर दोन रात्री गावाबाहेर.

नवऱ्याच्या, म्हणजे हिरामणच्या बाजूला मांडायला गेलो तर काही सापडेना. त्यालाच विचारलं.

"मोरूभाऊ, मला काय मिळायचंय? दिल्लीला खाडी नाय, मीठ नाय. तिथं जाऊन करू काय?"

त्यांची मुलगी सरू दिल्लीत एका दवाखान्यात नर्स. मार्च संपला की तिची बदली नाशिकला. म्हणून तिनं परस्पर दोघांची तिकिटं काढली. "शुक्रवारी सकाळी निघा, रविवारी रात्री परत. धुळवडीची सुट्टी धरली की तीन दिवस मोकळे," असं फोनवर सांगून मोकळी झाली.

शहरातली माणसं सुट्टी बघून बेत करतात. आमचं गाव पेण तालुक्यात, खाडीच्या अगदी अंगाला. आम्ही तिथी बघून बेत करतो. होळीची पौर्णिमा म्हणजे उधाण, आणि धुळवडीला ते ऐन जोरात. पोर इथलीच, पण भरती-ओहोटी विसरली.

उधाण आलं म्हणजे बांधावर राखण आलीच. गावची भातशेती आणि खाडी यांच्यामध्ये आहे तो एक मातीचा बांध. चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, त्याला बिळं पाडतात. उधाणाचं पाणी बांधाला टेकलं आणि एखादं बीळ नजरेतून सुटलं, तर तासाभरात तिथं खांड पडते, खारं पाणी शेतात शिरतं, आणि पुढं तीन वर्षं त्या जमिनीत भात होत नाही. म्हणून दर उधाणाला एका घरानं तीन दिवस एक माणूस द्यायचा. घरं अठ्ठेचाळीस, वर्षाला उधाणं चोवीस. दोन वर्षांत एकदा राखण येते. यादी माझ्याकडे असते. हुकूम हिरामणचा, गेली अठरा वर्षं.

त्याचा नियम एकच. राखण बदलून मिळणार नाही. "आज तू बदललीस, उद्या तो बदलेल, परवा बांधावर कुणीच नसेल." खरं सांगायचं तर या अठरा वर्षांत एकदाही खांड पडली नाही. पण या अठरा वर्षांत कुणी हिरामणला आपणहून चहाला बोलावलं, असंही मला आठवत नाही.

तिकिटं आल्यावर मी यादी उघडली. फाल्गुन पौर्णिमेसमोर नाव होतं हिरामणचं.

त्यानं यादीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "सरूला सांगतो तिकिटं रद्द कर."

"कुणाला तरी विचारून तर बघ," मी म्हणालो.

"कुठल्या तोंडानं?"

अकरा वर्षांपूर्वी गावातल्याच पुंडलिकच्या सख्ख्या बहिणीचं, पुतळीचं, लग्न कासूला होतं, आणि नेमकी त्याची राखण आली. पुंडलिक हात जोडून आला होता. हिरामणनं त्यालाही सोडलं नाही. बहिणीला हळद लागत होती तेव्हा भाऊ बांधावर बिळं बुजवत होता.

"मग वहिनीला एकटीला पाठव," मी म्हणालो.

"बोललो. ती म्हणते, एकटीनं मी दवाखान्यात जाते, मयताला जाते. फिरायला नाय जायची एकटी."

मंगळवारी सकाळी चंद्रावती गिरणीत आली ती बॅग घेऊनच. "भाऊ, जरा काट्यावर ठेवा. पंधरा किलोच्या वर घेत नाहीत म्हणे."

पुंडलिकची आई ठमाबाई तांदळाच्या पिठासाठी डबा घेऊन बसली होती. तिनं बॅगेकडे बघितलं. "अगो, जायचं नाय तर वजन कशाला करतेस?"

"जायचं नाय म्हणून बॅग भरू नये, असं कुठं लिवलंय?"

काटा एकोणीसवर थांबला. मग आम्ही तिघांनी बॅग उघडली. कडवे वाल निघाले, पोह्याचे पापड निघाले, आणि तळाला फडक्यात बांधलेला सुका जवळा, ती उग्र वासाची बारीक कोलंबी.

"जवळा विमानात?" ठमाबाई म्हणाली. "मधल्या मधे सगळ्यांना उतरवतील गो!"

"सरूला भेटत नाय तिकडं."

"पोरीचं बरं आठवतं. माझ्या लेकाला बहिणीच्या लग्नाला जाऊ दिला नाय तुझ्या नवऱ्यानं, ते आठवतं का?"

चंद्रावती पापडांचं पुडकं परत बॅगेत ठेवत म्हणाली, "आठवतं, मावशी. म्हणून तर मी गेले होते."

ठमाबाईनं मान फिरवली, पण ओठ दाबलेले होते, आणि ते रागानं नव्हे हे मला दिसलं. त्या लग्नाची गोष्ट गावात अजून सांगतात. नवऱ्या मुलाचा कान पिळायची वेळ आली. तो मान नवरीच्या भावाचा. चुलतभाऊ पुढं व्हायला लागले तशी चंद्रावती पदर खोचून मांडवात शिरली. "भावाला माझ्या नवऱ्यानं अडवलाय, तर भावाचं काम मीच करणार." आणि तिनं गोविंदाचा, म्हणजे त्या नवऱ्या मुलाचा, कान असा काही पिळला, की लग्नाच्या सगळ्या फोटोंत तो एक कान लाल आहे. पुतळी रडत होती, ती हसायला लागली.

ठमाबाईनं पिठाचा डबा उचलला आणि निघून गेली. जवळा माझ्याकडे राहिला.

बुधवारी संध्याकाळी हिरामणनं मला बोलावणं पाठवलं. तो ओटीवर बसला होता. समोर पुंडलिक, आणि त्याच्या शेजारी गोविंदा. शिमग्याला सासुरवाडीला यायचा तो एक दिवस आधीच कासूहून रेल्वेनं आला होता. चंद्रावती दाराच्या आत उभी.

"आईनं पाठवलंय," पुंडलिक म्हणाला. "धुळवडीची राखण अडलीय म्हणे कुणाची तरी."

हिरामण पंचाची घडी घालायला लागला, तसा पुंडलिक माझ्याकडे वळला.

"कुणाची अडलीय, मोरूभाऊ?"

"यादीत हिरामणचं नाव हाय," मी म्हणालो.

"पण हिरामणदादा तर काय बोलत नाय. नसेल अडली. चल रे गोविंदा."

दोघं उठले. खरंच उठले. पायरीपर्यंत गेले. आतून बांगड्या वाजल्या, आणि मला वाटलं, अठरा वर्षांत बांधाला पडली नाही ती खांड आता ओटीवर पडतेय.

"पुंडलिक," हिरामण म्हणाला. आवाज त्याचा वाटत नव्हता. "माझी राखण करशील?"

पुंडलिक वळला. "राखण बदलून मिळत नाय. नियम हाय."

"नियम माझाच होता."

"आणि माझी बहीण?"

हिरामणनं मान खाली घातली. "चुकलो होतो तेव्हा. बांधाला धरून राहिलो, माणसाचं काय ते बघितलं नाय."

पुंडलिक पायरीवरच बसला. "वहिनी, चहा ठेव गो. साखर जरा जास्त."

"तुमचं काय गोविंदराव?" मी विचारलं. "तुम्ही तर परगावचे."

गोविंदानं हात आपसूक कानाला नेला. "मी नाय म्हटलं तर वहिनी दुसरापण पिळतील."

शुक्रवारी सकाळी नवरा-बायको निघाले. चंद्रावतीच्या अंगावर रोह्याच्या बहिणीनं दिलेला स्वेटर, पेणलाच घाम फुटला तरी तिनं काढला नाही. दिल्लीहून रोज दुपारी भरतीच्या वेळेला हिरामणचा फोन यायचा.

"पाणी कुठवर?"

"पाण्याच्या जागी हाय पाणी. बागेत कसली फुलं हायत ते बघ," पुंडलिक म्हणायचा आणि फोन ठेवायचा.

शनिवारी पुंडलिकनं असाच फोन ठेवला तेव्हा मी शेजारी उभा होतो. गोविंदा तेव्हा कमरेएवढ्या पाण्यात होता. बांधाच्या दरवाजाजवळ, आम्ही उघाडी म्हणतो तिथं, एक बीळ मोठं झालं होतं आणि आतल्या अंगानं पाणी झिरपायला लागलं होतं. पेंढा, चिखल, पुन्हा पेंढा, असं दीड तास चाललं.

"सांगितलं का नाय त्याला?" मी विचारलं.

"तिथनं तो काय करणार?" पुंडलिक हात धूत म्हणाला. "आणि वहिनीची बाग नासली असती."

सोमवारी सकाळी चंद्रावती गिरणीत आली. "खिडकी मिळाली का?" मी पहिलं तेच विचारलं.

"ती त्यांना दिली. विमान उडाल्यापासून आपला बांध शोधत होते." ती हसली. "मी त्यांनाच बघत होते. बत्तीस वर्षांत एवढा वेळ एका जागी बसलेला माणूस बघायला कुठं मिळाला होता?"

"आणि बाग?"

"डोळं भरून आलं, भाऊ. ट्युलिप म्हणतात त्याला. माळ्याला यांनी विचारलं, पाणी गोडं का? पण सगळीकडं माझ्याबरोबर चालले. पुढं नाय गेले."

दुपारी हिरामण आला तो थेट बांधावरून. उघाडीजवळची ओली माती त्यानं बघितली होती, त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. काट्याशी येऊन उभा राहिला.

"यादी काढ. धुळवडीसमोरचं माझं नाव खोड. ज्यांनी राखलं त्यांची लिही." मग म्हणाला, "आणि दर उधाणासमोर बदलीच्या आणखी एका नावाला जागा सोड. माणसाला जावं लागतं कुठं कुठं."

त्याच संध्याकाळी पुंडलिकच्या घरी त्याला चहाला बोलावलं. गेला.

तर शेवटची बेरीज अशी. तिकिटं सरूनं भरली. तीन दिवस पुंडलिकनं भरले, दीड तास चिखलात गोविंदानं. हिरामणनं दोन वाक्यं भरली, पण ती त्याला सगळ्यांत जड गेली. चंद्रावतीनं काही भरलं नाही असं कुणी म्हणेल, तर तिचा भरणा अकरा वर्षांपूर्वीच जमा होता. आणि तोसुद्धा तिनं भरलेला नव्हता, गोविंदाच्या कानानं भरलेला होता.