बारा भोकांचं झाकण

सुनेनं मागच्या झाकणाच्या भोकांवर माउस नेला, आणि पडद्यावर पुढच्या झाकणाचीही भोकं निळी झाली. तिनं चहाचा कप खाली ठेवला. माउस बाजूला घेतला, परत नेला. परत दोन्हीकडची निळी. मग तिनं पुढच्या झाकणाची भोकं पडद्याला बोट लावून मोजली. दहा भरली. हवी होती बारा.

एकाच पंपाची ही दोन झाकणं. पुढच्याला बारा भोकं, मागच्याला दहा. काल संध्याकाळी वेळ वाचवावा म्हणून तिनं पुढच्या झाकणावरचं भोकांचं वर्तुळ जसंच्या तसं उचललं, मागच्याला लावलं आणि बाराची दहा केली. उचलताना सॉफ्टवेअर विचारतं, नक्कल वेगळी ठेवायची की मुळाला जोडलेली? घाईत तिनं जोडलेली ठेवली. म्हणजे इकडे दहा केली की तिकडेही दहा. आणि शहाणपणा बघा, आज सकाळी त्याच फाइलमधून पुढच्या झाकणाला मशीननं भोकं कुठं पाडायची त्याचा प्रोग्रॅम काढून, पेन ड्राइव्हवर घालून तिनं वर्कशॉपला निघालेल्या सासूबाईंच्या हातात ठेवला होता. वर म्हणाली होती, "आई, निर्धास्त चालवा."



पुढचं झाकण गिऱ्हाइकाकडचं होतं आणि एकच होतं. नवीन ओतून यायला तीन महिने. कागद चुकला तर खोडता येतो, चुकीच्या अंतरावर पडलेलं भोक काही बुजत नाही. शिवाय सासूबाईंनी तीस वर्षं कंपासनं वर्तुळ आखून, हातानं खुणा ठोकून भोकं पाडली होती आणि त्यातलं एकही वाकडं गेल्याचं कुणाला आठवत नव्हतं. कॉम्प्युटर आणला तो सुनेनं. सासूबाई तेव्हा एवढंच म्हणाल्या होत्या, "बघू." आज झाकण गेलं, तर गिऱ्हाईक जाणार होतं, आणि तिला सासूबाईंसमोर तोंड दाखवायची सोय राहणार नव्हती.

तिनं फोन लावला. कुणी उचलला नाही. परत लावला, परत तेच. मशीन चालू असलं की सासूबाईंना फोन ऐकू येत नसे. म्हणजे मशीन चालू होतं. तिनं लॅपटॉप पिशवीत कोंबला आणि स्कूटर काढली.

वर्कशॉपच्या दारात पोचली तेव्हा आत सगळं शांत होतं. झालं, आटोपलं, तिच्या मनात आलं. सासूबाई पाठमोऱ्या उभ्या राहून मशीनवर घट्ट आवळलेलं झाकण फडक्यानं पुसत होत्या. सून दबकत पुढं गेली आणि त्यांच्या खांद्यावरून डोकावली. झाकण कोरं होतं. एक ओरखडासुद्धा नव्हता.

तिचा जीव भांड्यात पडला. ती शेजारच्या खोक्यावरच बसली.

"तू कशाला आलीस?" सासूबाईंनी विचारलं.

"सहज."

"धापा टाकत?"

"स्कूटर होती."

"मग धाप तिला लागायला हवी." सासूबाई पुन्हा पुसायला लागल्या.

"तुम्ही सुरू नाही केलंत अजून?"

"करते की. म्हटलं, मशीन जरा तापू दे."

"सकाळपासून तापतंय?"

सासूबाईंनी फडक्याची घडी घातली, मोडली, परत घातली. सुनेनं मशीनच्या पडद्याकडे पाहिलं. नवीन ड्रिलची लांबी भरायची चौकट रिकामी होती. ती बरोबर भरल्याशिवाय ड्रिल किती खाली न्यायचं ते मशीनला कळत नसे. लांबी तिनं कालच मोजून चिठ्ठीवर लिहून दिली होती. चिठ्ठी तिथंच चिकटवलेली होती.

"त्या चिठ्ठीत तीन आहे का आठ?" सासूबाई तिच्याकडे न बघता म्हणाल्या. "दोन्ही सारखेच दिसतात मला."

"कधीपासून?"

"झाले पाच-सहा महिने. रोजच्या ड्रिलांचे आकडे पाठ आहेत गं. हे नवीन निघालं. दुसऱ्याचं झाकण, अंदाजानं कसं चालवू?"

"मग सांगायचं नाही का?"

"काय सांगू? म्हणाला असतात, म्हातारीला घरी बसवा. म्हटलं, झाकली मूठ राहू दे."

"फोन पण ऐकू आला नाही?"

"कान शाबूत आहेत माझे. उचलला असता तर विचारलं असतंस, किती झाली म्हणून."

पेन ड्राइव्ह हाताशीच होता. ताकास तूर लागू न देता तो काढायचा, दहाची बारा करायची, परत लावायचा. कुणाला कधी कळलं नसतं. तिनं सासूबाईंच्या हातातली ती फडक्याची घडी पाहिली.

"आई, प्रोग्रॅम चुकलाय," ती म्हणाली. "बाराऐवजी दहाच पडली असती. माझ्या हातून झालं. तेच सांगायला पळत आले."

सासूबाईंनी झाकणाच्या कडेवरून सावकाश हात फिरवला, जिथं भोकं पडणार होती तिथून, पूर्ण एक वेढा.

"म्हणजे मला धड दिसत असतं तर..."

"सकाळीच झाकण गेलं असतं."

"आणि मी मेली इथं दोन तास माझ्याच डोळ्यांना शिव्या देतेय."

आधी सून हसली. मग सासूबाईंना हसू आवरेना. त्या मशीनला टेकून, पदर तोंडाला लावून हसत राहिल्या. हसता हसता दोघींनीही डोळे पुसले.

सुनेनं खोक्यावरच लॅपटॉप उघडला. दोन्ही वर्तुळं एकमेकांपासून सोडवली, पुढच्याची बारा केली, दोनदा मोजली. नवा प्रोग्रॅम मशीनमध्ये घातला. मग चिठ्ठी हातात घेऊन ती एकेक आकडा वाचत गेली आणि सासूबाई एकेक बटण दाबत गेल्या. बटणं त्यांना न बघताच सापडत होती.

"उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं," सून म्हणाली.

"जाऊ," सासूबाई म्हणाल्या. "आधी ही बारा पडू देत."