टिकलीच्या पुढचा आवाज

मित्रांनो, मी एक जुना ॲम्प्लिफायर आहे. पोटात स्पीकर, डोक्यात बल्बसारखे काचेचे चार व्हॉल्व्ह आणि कपाळावर आवाजाचं गोल बटण. जयपूरच्या मराठी मंडळींत माझी ओळख एकाच वाक्यात करून दिली जाते: 'चांगला आहे हो, पण आवाज फाटतो.' वाक्याच्या पहिल्या अर्ध्या भागाकडे कुणी लक्ष देत नाही.

माझा जन्म मुंबईतल्या एका लहानशा कारखान्यात झाला. तिथल्या कारागिरांनी माझी एकेक तार हाताने जोडली. टपाल खात्यातले बापू तेव्हा नुकतेच बदली होऊन जयपूरला आले होते. इथल्या मंडळींनी गणेशोत्सव सुरू करायचं ठरवलं आणि सुट्टीवरून परतताना बापू मला रेल्वेने घेऊन आले, बराचसा मांडीवर. मी जड आहे. तेव्हापासून बापू जरा वाकून चालतात, पण त्याचं श्रेय ते नोकरीला देतात.

सुरुवातीची वर्षं कौतुकाची गेली. मी लगेच बोलत नाही. आधी व्हॉल्व्ह तापून लाल व्हावे लागतात. म्हणून आरतीच्या बऱ्याच आधी बापू मला चालू करत आणि ताप आलेल्या मुलाच्या डोक्यावर ठेवावा तसा हात ठेवून बघत. एकदा मंडळाची सहल कानोत्याच्या धरणावर गेली, तेव्हा सन्मानाने मलाही नेलं. तिथे वीज नाही हे पोचल्यावर कळलं. माझ्यावर पुऱ्या लाटल्या.

अडचण एकच होती. अध्यक्ष भाषणाला उभे राहिले की श्रोते आपापसात बोलू लागत. मग माझा आवाज वाढवावा लागे, आणि वाढवला की तो फाटे. अध्यक्षांना वाटे, यंत्र आपल्यावर गुरगुरतंय. शेवटी बापूंनी उपाय काढला. पत्नी सुमित्राबाईंची एक लाल टिकली त्यांनी माझ्या बटणाशेजारी चिकटवली. बटणावरची खूण टिकलीच्या पुढे न्यायची नाही. कुणी नेलीच, तर बापू हातातला मोदक खाली ठेवून धावत येत आणि ती मागे आणत. पुढे पुढे हे काम त्यांचा हात परस्पर करू लागला. बापूंना विचारतही नसे.

मग नवं शतक आलं आणि मंडळाला नवे कार्यवाह आले, संभाजीराव. विमा कंपनीत अधिकारी, बोलणं मुद्देसूद. त्यांनी निळे दिवे लागणारा, सपाट, काळा संच आणला. मला बापूंच्या राजा पार्कमधल्या घराच्या गॅलरीत ठेवलं आणि वर मोरांची छपाई असलेली चादर घातली. दुर्लक्ष झालं, पण जयपुरी थाटात झालं.

तिथे मी गंजून संपलोच असतो. मला वाचवलं दह्याने.

जयपूरच्या जानेवारीत दही काही केल्या लागत नाही. सुमित्राबाईंनी पातेलं शालीत गुंडाळून पाहिलं, पिठाच्या डब्यात ठेवून पाहिलं. मग त्यांना माझं तापणारं डोकं आठवलं. त्यांनी मला चालू केलं आणि वर दुधाचं पातेलं ठेवलं. दही सुरीने कापावं असं लागलं. त्या दिवसापासून थंडीभर माझ्यातून वीज वाहत राहिली. माझ्यासारख्या यंत्राला याहून मोठं औषध नाही. नुसतं झाकून ठेवलं की आम्ही आतून सुकतो.

एका सकाळी अनुया विरजण मागायला आली. मागच्या गल्लीत राहणारी, कॉलेजात शिकणारी, जन्मापासून जयपूरची. पाठीवर गिटार होती. चादरीखाली लाल उजेड दिसला तशी ती वाकली.

"आजी, हे काय आहे?"

"दह्याचं मशीन."

"आजी, ह्यात व्हॉल्व्ह आहेत! मतलब, खरे काचेचे! लावून बघू?"

"बघ की. पातेलं तेवढं उतरव."

तिने गिटारची वायर मला जोडली, बटण टिकलीच्या पार पुढे नेलं आणि एक तार छेडली.

मित्रांनो, काय झालं ते सांगतो. नव्या संचाला झेपेनासं झालं की तो आवाजाची टोकं कात्रीने कापावीत तशी कापतो. कानात डास शिरल्यासारखं वाटतं. माझे व्हॉल्व्ह तसं करत नाहीत. तेही दमतात, पण हळूहळू दमतात. आवाजाची टोकं गोलसर होतात, त्याला किंचित खरखर येते, गळा दाटून आलेल्या माणसासारखा तो जाड आणि ऊबदार होतो. आणि हे सगळं बोटाच्या हाती असतं. हळू छेडलं तर मी स्वच्छ बोलतो. जोरात छेडलं तर गुरगुरतो.

अनुयाने हळू छेडलं, मग जोरात, मग पुन्हा हळू. विरजण विसरून घरी गेली.

भाद्रपदात तिने संभाजीरावांना गाठलं. "काका, मला उत्सवात वाजवायचंय. त्याच जुन्या ॲम्पवर."

"तो भंगारात द्यायचा ठराव झालाय, बेटा. विसर्जनानंतर कबाडी येणार आहे."

ठराव खरा होता. अनुमोदन बापूंनीच दिलं होतं, कारण दुसरं कुणी हात वर करत नव्हतं.

"मतलब, एकदा ऐकून मग द्या ना!"

"बरं. आरतीनंतर वाजव, प्रसाद वाटून होईपर्यंत. प्रसादाच्या वेळी तसंही कुणी ऐकत नाही."

त्या संध्याकाळी मी पुन्हा मंचावर बसलो. बापूंनी माझ्या डोक्यावर हात ठेवून पाहिला आणि सवयीने शेजारीच खुर्ची घेतली. आरती संपली, द्रोण फिरू लागले. अनुयाने नुकत्याच म्हटलेल्या आरतीचीच चाल धरली. आधी हळू. दोन-चार माना वळल्या. मग तिने बटण टिकलीच्या पुढे नेलं आणि जोरात छेडलं. मी पोटापासून गरजलो.

आणि बापूंचा हात आला. इतक्या वर्षांचा इमानदार हात! त्याने बटण मागे आणलं. माझा आवाज एकदम पातळ झाला.

"बापू, फाटू द्या ना!" अनुया वाजवता वाजवता ओरडली.

"अगं, पण फाटतोय!"

"हां जी! तोच तर पाहिजे!"

मागून संभाजीराव म्हणाले, "बघा, मी म्हटलंच होतं, कबाडी."

बापू आपल्या हाताकडे बघत बसले. तेवढ्यात बायकांच्या रांगेतून सुमित्राबाईंचा आवाज आला. त्याला ॲम्प्लिफायर लागत नाही.

"अहो, फाटू द्या की! टिकली माझी आहे, मी सांगते!"

बापूंनी बटण धरलं आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतः टिकलीच्या पुढे नेलं. थोडं. मग आणखी थोडं. शेवटचा सूर अनुयाने छेडून सोडून दिला. तो लांबत गेला, खरखरत, गहिवरत, आणि विझेपर्यंत सभागृहात कुणीही बोललं नाही. अध्यक्षांनी हे पाहिलं आणि ते जरा दुखावले.

मग टाळ्या पडल्या. हातात द्रोण असलेल्यांनी मांडीवर थापा मारल्या.

संभाजीराव जवळ आले. "फाटतो तर आहेच," ते मुद्देसूद म्हणाले. "पण मुद्दाम फाडला की बरा वाटतो."

"माझं अनुमोदन मी मागे घेतो," बापू म्हणाले. "हा अनुयाकडे जाऊ दे."

"आणि माझं दही?" सुमित्राबाईंनी विचारलं.

"आजी, पातेलं पाठवून द्या. माझ्याकडे लावते."

आता मी अनुयाच्या खोलीत असतो. वाजवताना दही हलतं, म्हणून रियाजाच्या आणि दह्याच्या वेळा ठरवून घेतल्या आहेत. बापू अधूनमधून येऊन ऐकतात. हात मांडीखाली दाबून बसतात.

मित्रांनो, तुमच्याही घरी चादरीखाली कुणीतरी असेल. त्याच्यावरची धूळ झटकून पुन्हा झाकून ठेवू नका. त्याला चालू करा, तापायला वेळ द्या. आणि आवाज फाटला तर लगेच धावत जाऊ नका, आधी जरा ऐका.

टिकली अजून माझ्या कपाळावरच आहे. अनुयाने ती काढली नाही. ती तिथून सुरुवात करते.