खो-खोच्या मैदानातले काजळ

मित्रांनो, मी एक जुनी पितळी काजळाची डबी आहे. देश स्वतंत्र झाला त्या साली रेवदंड्याच्या एका तांबटाने मला घडवले आणि ठमाबाईच्या लग्नात तिच्याबरोबर मी नागावात आले. मी तळहातावर मावेन एवढीच, पण आरशासमोर कोण किती रेंगाळते हे मला बरोबर ठाऊक असे. ठमाबाईचे यजमान येसाजी पिकल्या मिशीला चोरून माझ्यातले बोटभर काजळ लावत, हेही मीच पाहिले.

नागावात नारळाला तोटा नाही. त्यामुळे आमचे काजळही खोबरेलात मळलेले. घरात बसणाऱ्याला ते शोभे. पण ठमाबाईची कोकिळा खो-खो खेळू लागली आणि माझी अब्रू धोक्यात आली. अलिबागच्या सामन्यात घामाबरोबर काजळ डोळ्यात उतरले. पोर डोळे चोळत उभी राहिली आणि पहिल्याच मिनिटाला बाद झाली.

पुढच्या वर्षी, म्हणजे १९६२ साली, शाळेचा संघ घडवणाऱ्या सोनाबाई मास्तरणींनी तिला बजावले, "काजळ घालून आलीस तर बाहेर बसशील."

घरी ठमाबाई म्हणाली, "बिनकाजळाची पोर उंबऱ्याबाहेर जायची न्हाय. लोकांची नजर काय लहान असते व्हय?"

कोकिळा दोघींशीही भांडली नाही. आधी तिने काजळाचा थर वाढवला. ते आणखीच ओघळले. मग दारावर बांगड्या घेऊन येणाऱ्या झुबेदा खालाला तिने विचारले.

"खोबरेल केसाला, बेटा," खाला म्हणाली. "डोळ्याला एरंडेल, तेही थेंबभर. त्यात मसुराएवढं मेण. आणि बोटानं सारवू नकोस. डोळा आहे, अंगण नव्हे. काडीनं बारीक रेघ ओढ."

खालाचे म्हणणेही कोकिळेने पारखून घेतले. डाव्या डोळ्यात जुने काजळ, उजव्यात नवे, आणि भर दुपारी वाळूतून तीन फेऱ्या.

येसाजी वाडीच्या कुंपणाशी उभे होते. "एका डोळ्यानं रडतेस, दुसऱ्यानं हसतेस. मी कोणता खरा मानू?"

"उजवा माना, बाबा," ती म्हणाली.

सामन्याच्या सकाळी मास्तरणींनी तिच्या डोळ्यांकडे पाहिले आणि दुसऱ्या मुलीला हाक मारली.

"बाई, आधी मला मैदानाला पाच फेऱ्या मारू द्या," कोकिळा म्हणाली. "ओघळलं तर मी आपणहून बसते."

फेऱ्या झाल्या. मास्तरणींनी आपला पांढरा रुमाल तिच्या डोळ्याखाली टेकवला. घामाने तो ओला झाला, काळा झाला नाही.

त्या दिवशी कोकिळा साडेचार मिनिटे कुणाच्या हाती लागली नाही. आमची शाळा जिंकली. परतताना मास्तरणी हळूच म्हणाल्या, "उद्या ती डबी शाळेत आण. संघातल्या पोरींना लागेल. काडी मात्र ज्याची त्याची."

संघात नऊ मुली. दुसऱ्या दिवशी माझ्यात काड्या बुडाल्या दहा. दहावी कुणाची, ते मी सांगणार नाही.

मित्रांनो, आता कोकिळा सासरी आहे आणि मी ट्रंकेत, सुयांच्या संगतीत. तक्रार नाही. पण तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल, तर नवे काजळ भरण्याआधी तिला राखेने घासा आणि कोरडी करा. तळाशी जुने तेल राहिले, तर चांगले काजळही ओघळते आणि दोष बिचाऱ्या पोरीच्या डोळ्यांना लागतो.