मागे चौदा पावलं

ताईनं तळ्याला दुसरा वळसा घातला, काच खाली करून बाहेर डोकावली आणि गाडी पुन्हा रस्त्याला लावली.

"ही जागा पण नको," ती म्हणाली.

"का?"

"वारा फार आहे रे इथं."

धाकट्या भावानं खिडकीतून पाहिलं. काठावरच्या झाडांची पिवळी पानं जिथल्या तिथे होती, एकही हलत नव्हतं.  पण हल्ली तो कशालाच काही बोलत नसे. वाढलं की जेवायचा, ऊठ म्हटलं की उठायचा, आणि कोणी विचारलंच तर "बरा आहे" म्हणायचा. ते खोटंही नव्हतं, कारण दुखतखुपत काही नव्हतंच. दाढ काढल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तसं सगळं अंगच झालं होतं.

चार दिवस दोघं बहीणभाऊ ही भाड्याची, आत झोपायची-रांधायची सोय असलेली कॅम्पर व्हॅन घेऊन पाण्याकाठच्या शांत जागा शोधत हिंडत होते. पानगळ सुरू झालेली, सहलीचे लोक घरी परतलेले, जिकडे जावं तिकडे शुकशुकाट. शांतता म्हणाल तर हवी तेवढी. तरी ताईला एक जागा पसंत पडेल तर शपथ! इथं चिखल, तिथं डास, आणि एके ठिकाणी म्हणे बदकं फार ओरडतात. पडदे शिवण्यात हयात गेलेली बाई चिकित्सक असायचीच, असं त्यानं धरून चाललं होतं.

मग काल दुपारी पेट्रोल भरताना ती पंपाच्या कोपऱ्यात फोनवर बोलताना त्याला ऐकू आलं.

"नळ, वीज ते सगळं राहू द्या हो. आत शिरून सरळ पलीकडून बाहेर पडता येतं का, तेवढं सांगा. गाडी मागे घ्यायला लागता कामा नये."

त्याच्या सगळं लक्षात आलं, आणि तरी आत काही हललं नाही. नुकतीच पुसलेली काच त्यानं पुन्हा एकदा पुसली.

मालधक्क्यावर बावीस वर्षं त्याचं काम एकच होतं. ट्रकच्या मागच्या बाजूला उभं राहायचं, हात हलवायचा आणि "येऊ द्या, येऊ द्या" असं ओरडत गाडी धक्क्याला लावून घ्यायची. तिथं त्याला सगळे 'येऊद्या' म्हणूनच हाक मारत. त्याच्या लग्नात नवरी समोर आली तेव्हाही दोस्तांनी हीच आरोळी ठोकली होती, आणि बायको त्यांना अजून त्यावरून शिव्या घालते.

आठ महिन्यांपूर्वी एका सकाळी त्यानं "येऊ द्या" म्हटलं, आणि त्याच वेळी त्याच दोस्तांपैकी एक जण पडलेली पाचर उचलायला चाकामागे वाकला होता. त्याचं एक पाऊल कायमचं गेलं. चौकशी झाली, ह्याचा दोष नाही असं ठरलं. दोस्त स्वतः घरी येऊन गेला, कुबडी भिंतीला टेकवून चहा प्यायला, "आता मोजे निम्मेच लागतात बघ" म्हणून खो खो हसला. धाकटा उठून स्वयंपाकघरात गेला आणि रिकाम्या सिंकमध्ये नळ सोडून उभा राहिला. तेव्हापासून हा असा.

शेवटी बायकोनं नणंदेला फोन केला. "वन्सं, भिंतीशी बोलल्यासारखं झालंय मला. आता तुम्हीच बघा." साहेबांचाही निरोप आला होता, की सोमवारी हजर व्हा, नाहीतर नाही म्हणून कळवा, जागा दुसऱ्याला देऊ. आज शुक्रवार होता.

पुढच्या दोन ठिकाणांना कुलूप होतं. तिसऱ्या ठिकाणी, नदीकाठी, गमबूट घातलेली जागेची मालकीण पानं गोळा करत होती.

"या, या! एकच जागा उघडी ठेवली आहे, पण झकास आहे. गाडी मागे घेत घाला, तोंड रस्त्याकडं ठेवा. पाऊस झाला तर चिखलातून मागं येता यायचं नाही."

ताईनं स्टिअरिंग घट्ट धरलं. "मग राहू द्या. आम्ही पुढं बघतो."

"पुढं काय बघणार? हंगाम संपला, सगळे बंद. मी मागे उभी राहते ना, घाबरता काय एवढ्या!"

आणि ती हातातल्या दाताळ्यासकट तरातरा गेली ती गाडीच्या बरोब्बर पाठीशी, ओल्या पानांवर, जाऊन उभी राहिली. ताईनं डावा आरसा पाहिला, उजवा पाहिला.

"कुठं गेली ही बया?" ती पुटपुटली.

 आठ महिन्यांत पहिल्यांदा धाकट्याला काहीतरी वाटलं, आणि ती भीती होती. दार कधी उघडलं ते त्यालाही कळलं नाही.

"अहो, तिथं नाही!" त्याचा आवाज फाटला. "गाडीच्या पाठीशी उभं राहतात का कधी? बाजूला व्हा! माणूस आरशात दिसायला पाहिजे!"

"बरं बाबा, तुम्हीच घ्या मग," म्हणून ती झाडाखाली सरकली.

तो डाव्या अंगाला उभा राहिला. मागे पाहिलं, वाकून चाकांखाली पाहिलं, पुन्हा मागे पाहिलं. हात वर केला, पण 'येऊ द्या' म्हणवेना. आरशातून ताई त्याच्याकडे बघत होती.

"ये," तो कसाबसा म्हणाला. "ये... ये..."

चाकं फिरली. पानं चिरडल्याचा आवाज झाला.

"थांब!"

ताईनं असा ब्रेक दाबला की आतली भांडी धडाधडा कोसळली.

"अहो, अजून हत्ती मावेल मागे!" मालकीण हसायला लागली.

"मावू दे की," ताई खिडकीतून म्हणाली. "तो थांब म्हणालाय." आणि तिनं हँडब्रेक ओढून इंजिन बंद केलं.

अर्धी गाडी वाटेवरच होती. मालकीण मान हलवत निघून गेली. धाकटा वळला आणि पाण्यापर्यंत मोजत गेला. चौदा पावलं. मध्ये पानांशिवाय काही नव्हतं. परत आला तेव्हा त्याचे डोळे वाहत होते, पण ते पुसायच्या भानगडीत तो पडला नाही.

"चौदा पावलं आहेत अजून," तो खिडकीशी येऊन म्हणाला.

"असू देत. चहा ठेवू?"

"धक्क्यावर असं अर्ध्यात थांबवून चालत नाही, ताई."

"सोमवारचं सोमवारी बघू. आणि नाही गेलास तर नाही गेलास. मी काय तुला धक्के मारत नेणार आहे?"

त्यानं पुन्हा एकदा वाकून चाकांखाली पाहिलं.

"चालू कर गाडी," तो म्हणाला. "पण आधी मला आरशात शोध. दिसलो की ओरडून सांग. तोवर ब्रेकवरचा पाय काढायचा नाही."

तो जागेवर गेला. इंजिन घरघरलं.

"दिसलास!"

"नक्की?"

"अरे, डोक्यापासून पायापर्यंत अख्खा दिसतोयस," ताई ओरडली. "येऊ का?"