दोन पेडलांचा माणूस

खोटं बोलायचंच असेल तर माणसाने तोंड उघडून रीतसर बोलावं. नुसतं गप्प बसून जे खोटं होतं ना, ते फार छळतं. आमच्या मास्तरांना ही अक्कल वयाच्या एकसष्टाव्या वर्षी आली, आणि तीसुद्धा एका गॅरेजच्या बाकावर, भर दुपारी, बायकोच्या शेजारी बसून.

मास्तर म्हणजे गाडी शिकवणारे मास्तर. तीस वर्षांत त्यांनी अर्ध्या शहराला गाडी शिकवली. डॉक्टर, वकील, भाजीवाले, एकदा तर एका न्यायाधीशबाईंनाही, आणि त्यांना चौकात सिग्नल तोडला म्हणून खडसावलंही. तीस वर्षांत गाडीला एक ओरखडा नाही. हे ते स्वतः कधी बोलून दाखवत नसत, कारण त्यांच्या ऑफिसच्या दारावरच तसं मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं होतं.

आता गाडी शिकवायच्या गाडीची एक गंमत असते. शेजारच्या सीटपुढे शिकवणाऱ्यासाठी वेगळी दोन पेडलं बसवलेली असतात. डावीकडे क्लच, उजवीकडे ब्रेक. संपलं. ॲक्सिलरेटर तिथे नसतोच, तो फक्त शिकणाऱ्याच्या पायाखाली. मास्तरांची सगळी हयात त्या शेजारच्या सीटवर गेली. सकाळी पहिला विद्यार्थी त्यांना घरून घेऊन जायचा, संध्याकाळी शेवटचा आणून सोडायचा, वाटेत दळण टाकायचं असलं की त्या निमित्ताने अरुंद गल्लीतला धडाही व्हायचा. म्हणजे ज्यांनी शहराला गाडी शिकवली ते मास्तर स्वतः स्टिअरिंगमागे शेवटचे कधी बसले, हे त्यांनाही आठवत नव्हतं.

ते आदल्या संध्याकाळी बसले, तिथेच घोळ झाला.

झालं असं, की मास्तरीणबाई चार महिन्यांपासून गाडी शिकत होत्या. तीस वर्षं नवरा मागे लागला होता, शीक, शीक, आणि ही बाई जागची हलत नव्हती. यंदा मात्र थोरल्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. बहीण नदीपलीकडे एकटी राहते, तिकडे जायचं म्हणजे दोन बस बदलायच्या. तेव्हा कुठे बाई स्वतः होऊन म्हणाल्या, की शिकवा मला. हात चांगला होता त्यांचा. लायसन्सची परीक्षा दुसऱ्या दिवशी साडेचारला होती. संध्याकाळी सराव करून त्यांनी गाडी अंगणात लावली आणि बहिणीला फोन करायला आत गेल्या. गाडी जरा तिरकी लागली होती, फार नाही, वीतभर. पण मास्तरांच्या डोळ्यांत ती वीत खुपायला लागली. म्हटलं, आपणच सरळ करावी.

ते बसले, सीट पार मागे ढकलली, आरसा आपल्या उंचीला फिरवला, रिव्हर्स टाकला. गाडी मागे सरकली. फाटकाचा खांब जवळ आला तसा त्यांनी सवयीने उजवीकडचं टोकाचं पेडल दाबलं. तीस वर्षं ते दाबलं की गाडी थांबत आली होती. आज थांबेना. म्हणून त्यांनी ते आणखी जोरात दाबलं.

घरात मिक्सर चालू होता, फोनवर बहिणीचा गुडघा चालू होता, त्यामुळे आवाज कुणाला गेला नाही. मास्तरांनी गाडी होती तिथे, अगदी तेवढीच तिरकी, नेऊन ठेवली आणि जेवायला जाऊन बसले.

सकाळी बाईंना अंगणात लाल काचा दिसल्या. मागचा दिवा फुटलेला, बंपर आत जाऊन चाकाला टेकलेला. त्या म्हणाल्या, काल मीच लावली होती, माझ्याच हातून झालं, आणि मला कळलंसुद्धा नाही. मास्तरांनी सांगायला तोंड उघडलं. दारावरची ती रंगवलेली अक्षरं डोळ्यांपुढे आली आणि उघडलेल्या तोंडातून भलतंच बाहेर पडलं. असू दे गं, होतं असं, मी काही रागावलो नाही, असं म्हणून त्यांनी बायकोला चक्क माफ करून टाकलं. बघा आता, काय म्हणायचं या माणसाला!

बाईंनी तिथल्या तिथे ठरवलं, परीक्षा द्यायची नाही. धक्का लागलेला ज्याला कळत नाही त्याने रस्त्यावर जाऊ नये. नाव मागे घ्यायचं तर तीनच्या आत फोन करावा लागतो, आणि मग पुन्हा सहा महिने नंबर लागत नाही, तेव्हा सहा महिन्यांनी बघू, असं त्या म्हणाल्या. आणि त्यांचं ते सहा महिन्यांनी म्हणजे कधीच नाही, हे मास्तरांना पस्तीस वर्षांच्या संसारात पुरतं ठाऊक होतं.

तर अशी ही जोडी दुपारी एकपासून गॅरेजच्या बाकावर बसली होती. गाडी क्रेनने उचलून आणलेली. शेजारी एक टॅक्सीवाला आपल्या टॅक्सीचा सायलेन्सर बसण्याची वाट बघत पेपर वाचत होता. भिंतीवर पान्यांच्या आकाराच्या काळ्या खुणा, ज्याची त्याची जागा ठरलेली. पंखा फिरत होता, पण वारा सगळा टॅक्सीवाल्याच्या पेपरला.

गॅरेजचा मिस्त्री मास्तरांचाच जुना विद्यार्थी. बुटका, जाडजूड, बोलायला मोजका. त्याची एक पद्धत होती. कुठलीही गाडी आली की बॉनेट उघडायच्या आधी तो आत जाऊन पाच मिनिटं नुसता बसायचा. सीट हलवायची नाही, आरसा हलवायचा नाही, शेवटच्या माणसाने गाडी जशी सोडली तशीच. त्याचं म्हणणं, गाडी कुणी कशी चालवली हे तिथे बसल्यावर कळतं, आणि ते कळलं की अर्धी दुरुस्ती झाली. गिऱ्हाइकं हसायची. मास्तरही आजवर हसत आले होते.

आज मिस्त्री आत बसला आणि त्याचे पाय लोंबकळत राहिले. त्याने पेडलाकडे पाहिलं, आरशात पाहिलं, तर आरशात सगळं छत. मग तो उतरला आणि एक बोल्ट दाखवायचाय म्हणून मास्तरांना गाडीमागे घेऊन गेला.

"सर," तो हळूच म्हणाला, "एवढ्या मागून काकूंचे पाय ब्रेकला पोचतात?"

मास्तर बोल्टकडे बघत राहिले. मिस्त्री म्हणाला, मी कुणाला काही सांगणार नाही, माझं काम दिवा बसवायचं. पण तुम्ही मला दोनदा परीक्षेला जाऊ दिलं नव्हतंत, आठवतं ना? अजून कच्चा आहेस, असं तोंडावर सांगितलंत. राग आला होता मला. पण तेव्हापासून तुम्ही जे सांगाल ते मी खरं मानतो. एवढं बोलून तो स्पेअर पार्टच्या दुकानात दिवा आणायला निघून गेला.

मास्तर परत बाकावर येऊन बसले. बाई मांडीवरची पर्स गोल गोल फिरवत होत्या. कदाचित त्यांना कळतही नसेल, पण ती पर्स बरोब्बर स्टिअरिंगसारखी फिरत होती, वळण संपलं की हात सोडून सरळ करायचं तसं. मास्तरांनी ते पाहिलं आणि त्यांना इतकं वाईट वाटलं की काय सांगू. ते स्वतःशी कारणं जुळवत होते. आपल्या तीस वर्षांच्या कोऱ्या नावावर विश्वास ठेवून ही शिकायला बसली, तेच खोटं ठरलं तर ही जन्मात स्टिअरिंगला हात लावायची नाही. कारण तसं पटण्यासारखं होतं. फक्त ते त्यांच्या इतकं सोयीचं होतं, की त्यांनाच त्याची शंका यायला लागली.

मिस्त्री दिवा घेऊन आला, बंपर ठोकून सरळ झाला. तीनला दहा मिनिटं होती. बाईंनी हात पुढे केला.

"फोन द्या तुमचा. नंबर त्यात आहे."

मास्तरांनी फोन काढला. हातात धरला. दिला नाही.

"गाडी मी ठोकली," ते म्हणाले.

टॅक्सीवाल्याचा पेपर खाली आला.

मग मास्तरांनी सगळं सांगितलं. वीतभर तिरकी गाडी, मागे ढकललेली सीट, उजवीकडचं पेडल, ते आणखी जोरात दाबलेलं, आणि नंतर गाडी मुद्दाम तिरकी लावून ठेवलेली. शेवटचं सांगताना त्यांचा आवाज इतका बारीक झाला की टॅक्सीवाला दोन बोटं सरकून जवळ आला. बाई ऐकत होत्या. चेहऱ्यावर काही नाही.

"म्हणजे मी नाही ठोकली."

"नाही."

"मग सकाळी मला माफ कुणी केलं?"

मिस्त्री खाली वाकून पुसलेलाच दिवा पुन्हा पुसायला लागला. बाई लाल झाल्या, आणि मास्तरांना वाटलं, आता आपलं काही खरं नाही. सकाळपासून मी उभी जळतेय, त्या म्हणाल्या, एक घास गेला नाही घशाखाली, आणि तुम्ही समोर बसून दुसऱ्यांदा भाजी वाढून घेतलीत. मास्तर मान खाली घालून हो म्हणाले. भाजी खरंच घेतली होती.

आणि मग बाईंना एकदम ते दिसलं असावं. हा एवढा उंच माणूस, ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबतोय, आणि गाडी ऐकत नाही म्हणून तोच आणखी जोरात दाबतोय. त्यांच्या तोंडून आधी एक हुंदक्यासारखं काहीतरी निघालं, आणि मग त्या हसायलाच लागल्या. पर्स खाली पडली, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. टॅक्सीवाल्याने तोंडावर पेपर धरला, पण पेपर हलत होता.

"तीस वर्षं का शिकले नाही माहितीये?" हसू आवरल्यावर त्या म्हणाल्या. "तुमच्यामुळे. ज्याचं कधी काही चुकतच नाही, त्याच्या शेजारी बसून चुकायचं कसं? मला वाटायचं, गाडी चालवायला तुमच्यासारखंच असावं लागतं."

ज्या कोऱ्या नावाचा बायकोला आधार वाटतो असं मास्तर समजत होते, त्याचंच तिला तीस वर्षं भय वाटत होतं. आणि हे सांगायला तिला एक फुटका दिवा लागला.

बाई उठल्या, थेट गाडीत जाऊन बसल्या. आधी सीट पुढे घेतली, कटकट करत पार पुढे. मग आरसा खाली केला. मास्तर सवयीने शेजारचं दार उघडायला गेले, तर त्यांनी आतूनच मागच्या सीटकडे बोट केलं. मागे पेडल नसतं. मास्तर गुडघे पोटाशी घेऊन मुकाट्याने मागे बसले. मिस्त्रीने फाटक उघडून धरलं आणि टॅक्सीवाल्याने वाहतूक पोलिसासारखा हात दाखवून रस्ता करून दिला.

परीक्षकाने त्यांना चढावर थांबवलं, दोन टॅक्सींच्या मधे लावायला लावलं, रिव्हर्सही करायला लावलं. पाच वाजता बाई पास झाल्या. बहिणीला त्यांनी एवढंच कळवलं, की उद्या सकाळी येते, बसने नाही.

घरी आल्यावर फाटकाशी गाडी थांबवून म्हणाल्या, उलटी आत घेते, तुम्ही उतरून बघा. मास्तर त्या खांबाजवळ जाऊन उभे राहिले. टवका उडालेली जागा त्यांनी पाठीने झाकली. गाडी मागे यायला लागली तसा त्यांचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला गेला, चप्पल मातीत रुतेपर्यंत. गाडी खांबापासून वीतभर अलीकडे थांबली. बाईंनी काच खाली केली.

"कुणाच्या ब्रेकने थांबली?"

"तुझ्या," मास्तर म्हणाले.

पाय मात्र त्यांनी इंजिन बंद होईपर्यंत उचलला नाही.