सवतीची गोळी

...चपटी, फिकट पिवळी, कडेला जराशी गोलाई — आणि टेबलावरून चिमटीत धरायला जावं तर निसटते, पुन्हा धरली तर पुन्हा निसटते. छान. तिला आतून गुदगुल्या झाल्या. सवतीची गोळी निसटते.

सवत हा नवऱ्याचा शब्द. कंपनी दुसरी, बाई दुसरी, पण रोग तोच, हातापायांना कंप सुटण्याचा, आणि औषधही जवळजवळ तेच, वर्षानुवर्षं ही इकडे गोळी घडवतेय, ती तिकडे, आणि जेवायला बसलं की नवरा विचारणार, "काय म्हणते तुझी सवत?" आता हिच्या कंपनीने ती अख्खी कंपनीच विकत घेतली. हे तिसरं विलीनीकरण. पहिल्या वेळी दारावरची पाटी बदलली, दुसऱ्या वेळी कॅन्टीनचा चहा बिघडला, आणि या वेळी सवतच सामानसुमानासकट घरात. एका रोगासाठी दोन गोळ्या कोण पोसणार? एकीला गाशा गुंडाळावाच लागणार... ती माझी नसावी, एवढंच.

तिच्या गोळीला दोन्ही अंगांनी खाच होती. ती बाबांमुळे. बाबांच्या थरथरत्या हातून गोळी सुटायची, मग ते पलंगाखाली वाकून शोधत बसायचे आणि कुणी आलंच तर म्हणायचे, "चष्मा शोधतोय" — चष्मा नाकावर. तेव्हा तिने हट्टच धरला, चिमटीतून सुटणार नाही अशी गोळी करायची. केली. फक्त ती गिळताना बाबांना ठसका लागतो, पाणी छातीवर सांडतं, आणि ते तिच्याकडे बघून म्हणतात, "मस्त आहे हं." हे मात्र तिने ऑफिसात कधी सांगितलं नव्हतं.

"खाचवाल्या तुम्हीच ना?" दारात एक ठेंगणी, पिकल्या केसांची बाई उभी होती. "आमच्याकडे तुमच्या नावाने खडे फोडायचे."

"आमच्याकडेही तुमचं काही कौतुक चालत नव्हतं."

दोघी हसल्या. सवत आली ती सरळ टेबलाशी. हात मुद्दाम लटलटा हलवत तिने खाचेची गोळी उचलली. सुटली नाही. "अगं बाई, बसली की," ती म्हणाली, "हे मला तुमच्याआधी कसं सुचलं नाही?" इतकं निखळ म्हणाली की रागवायला जागाच उरली नाही. मग हिनेही तिची, औषध न घातलेली, चाचणीपुरती गोळी जिभेवर ठेवली — आणि संपली. पाणी नाही, कडवटपणा नाही, गिळणं म्हणून काही उरलंच नाही. बाबा... ठसका न लागता...

"माझी खाच तुमच्या गोळीला पाडली तर?" तिने विचारलं.

"पाडून बघितली. खाचेसाठी जोरात दाबावी लागते, आणि दाबली की विरघळत नाही." सवतीने खुर्ची ओढली. "पण दोघींनी मिळून बघितलेलं नाही अजून."

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. संध्याकाळी निवड होणार. कुठली ठेवावी, एका वाक्यात सांगा. ते वाक्य तिला कधीचं पाठ होतं, आरशासमोरसुद्धा म्हणून झालं होतं, आणि आता ओठांशी येऊन अडलं. माझीच ठेवली तर? — खरोखरच भीती वाटली; आणि आपल्याला ही भीती वाटावी याचं तिला इतकं हसू यायला लागलं की साहेबांना पुन्हा पुन्हा विचारावं लागलं, "हॅलो, आहात ना?"