शोकेसमधले पाच स्पीकर

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. टेबलावरचा नव्हे, टीव्हीखालच्या फळीवरचा. सिनेमे दाखवायचे आणि ऐकवायचे, एवढ्यासाठीच अकोल्याच्या जुन्या शहरात वकारभाईंनी २००९ साली सुटे भाग जोडून मला घडवलं.

तिथून मी वरूडला वामनरावांच्या घरी आलो. त्या वर्षांत तिकडे पाणी खोल गेलं होतं आणि संत्र्याची झाडं उभ्या उभ्या वाळत होती. वामनरावांची अर्धी बाग गेली. त्याच सुमारास काचबिंदूने त्यांचे दोन्ही डोळे गेले. घरचे टीव्हीसमोर जेवत. वामनराव ताट घेऊन ओसरीवर एकटे बसत. त्यांनी पुन्हा सगळ्यांत येऊन बसावं, म्हणून मुलगी गीतांजलीने मला आणलं. सोबत अ‍ॅम्प्लिफायर, पाच स्पीकर आणि एक वूफर.

पण नवी वस्तू पाहुण्यांना दिसली पाहिजे, हा आमच्या घरचा रिवाज. वामनरावांच्या पत्नी माणिकबाईंनी पाचही स्पीकर शोकेसच्या काचेमागे ओळीने मांडले. वरचं प्लास्टिकही काढलं नाही. गीतांजलीने घरातली जुनी लाल-पांढरी वायर लावली. माझ्याकडे पाच स्पीकरांचा आवाज होता. त्या वायरीतून दोघांपुरताच बाहेर पडे.

वामनराव दहा मिनिटं बसले. "कोन कुठून बोलून राहिला, काई समजत नाई. सारे एकाच पेटीत कोंबल्यावानी वाटते," म्हणाले आणि ओसरीवर गेले.

गीतांजलीने फोन केला. रविवारी सकाळी वकारभाई आले आणि शोकेस पाहून हसले.

"काकू, हे स्पीकर हायेत का बाहुल्या?"

"धूळ बसते ना बापा!" माणिकबाई म्हणाल्या.

"अन् काकांच्या कानावरची धूळ कोन झाडन?"

त्यांनी मला एचडीएमआय वायरीने अ‍ॅम्प्लिफायरला जोडलं. माझ्या सेटिंगमध्ये 'स्टिरिओ'चं '५.१' केलं, म्हणजे पाच स्पीकर आणि एक वूफर. तीन स्पीकर समोर गेले. त्यांतला मधला, संवादांचा, टीव्हीखाली. मागच्या दोघांना स्टँड नव्हते.

"औंदा माल कमी, पेट्या रिकाम्याच हायेत. त्याईवर ठेवा," वामनराव म्हणाले.

संत्र्याच्या पेट्या त्यांच्या खुर्चीच्या दोन्ही बाजूंना, जरा मागे रचल्या. वकारभाईंनी एकेका स्पीकरमधून खरखर सोडली आणि आवाज येईल तिकडे वामनरावांना बोट दाखवायला सांगितलं. डावा. मधला. उजवा. बोट चुकलं नाही. मागचा उजवा वाजला, तसे ते थबकले.

"हा डोक्यावरून येते. एक पेटी काढ."

पेटी काढली.

"आता बराबर."

"काका, तुमच्यासारखा कान मले दुकानात पाह्यजे!"

दुपारी सिनेमा लावला. माणिकबाईंनी सवयीने वामनरावांचं ताट ओसरीवर वाढलं होतं. सिनेमात एक बैलगाडी मागून पुढे निघाली. वामनरावांनी मान मागे वळवली आणि चाकांसोबत हळूहळू पुढे आणली. मग म्हणाले, "माहं ताट इकडंच आन वं."

त्यानंतर ते ताट ओसरीवर गेलं नाही.

आता माझा पंखा घरघरतो. ती घरघर सर्वांत आधी वामनरावांनाच ऐकू येते. ते चाचपडत येतात आणि माझ्या जाळीवरची धूळ उपरण्याने पुसतात. म्हणून मी अजून चालतो.

मित्रांनो, यंत्राची धूळ जरूर पुसा. पण ते मांडण्याआधी, ज्याच्यासाठी आणलं तो बसतो कुठे, हे त्याला विचारा. माझ्या स्पीकरांना त्यांची जागा वामनरावांनीच दाखवली. बोट दाखवून.